तेल चढलेली पोर

माझ्या भावाच्या पोरीला तेलाचा नवरा मिळाला, तेव्हा भाऊ गोंडपिपरीच्या बाजारात छाती काढून फिरत होता. तेलाचा म्हणजे घाण्याचा नव्हे, जमिनीतून निघतं त्या तेलाचा. पोरगा आखातातल्या कुठल्याशा तेल कंपनीत पाइपांना वेल्डिंग करत होता. देश कोणता, हे भावाला अखेरपर्यंत सांगता आलं नाही. कोणी विचारलं की तो 'दुबई साइड' म्हणायचा, जसं आम्ही 'सिरोंचा साइड' म्हणतो. आणि त्याला जोडून पुढचं ठरलेलं वाक्य यायचं, "सारं जग तेलावर चालून राह्यलं, बाई. आन् ते तेल आपल्या जावयाच्या हाताखालून जाते."

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून गडचिरोलीत राहते, एस.टी.त कंडक्टर आहे. जग तेलावर चालतं हे मला भावानं शिकवायची गरज नव्हती. डिझेल वाढलं की तिकीट वाढतं आणि प्रवासी माझ्या अंगावर येतात, जशी काही ती तेलाची विहीर माझ्या बापानंच खोदली आहे. डिझेल उतरलं म्हणून तिकीट उतरल्याचं मात्र मला आठवत नाही. वरचे लोक काय करतात ते करोत, शिव्या खायला आम्ही आहोतच.

पोराचा बाप, म्हणजे आमच्या बोलीत ईवाई, राजुऱ्याजवळच्या गावचा. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. त्याला मी सोयरीक जुळायच्या आधीपासून ओळखत होते, कारण राजुऱ्याच्या गाडीवर माझी ड्युटी असायची आणि हा गृहस्थ मोहाची घेऊनच गाडीत चढायचा. कोंबडं कापायला त्याला निमित्त लागत नसे. मग पोरगा परदेशी गेला, पैसा येऊ लागला आणि बापाला देव दिसू लागला. आधी घराला टाइल्स लागल्या. टाइल्स उरल्या म्हणून की काय, गावच्या मातेला देऊळ बांधायचं ठरलं. ही माता पिढ्यान् पिढ्या मोहाच्या झाडाखाली उघड्यावर बसलेली. जंगलाकडच्या गावांतले गोंड लोक वर्षातून एकदा यायचे, तिला मोहाची धार द्यायचे, कोंबडं द्यायचे. आपलेही लोक द्यायचे. कोणाचं पोट दुखत नव्हतं, मातेचं तर नाहीच.

आता तिच्या डोक्यावर स्लॅब पडला, पायाखाली संगमरवर आला आणि दारावर पाटी लागली, मांस आणि मदिरा आणण्यास सक्त मनाई. गोंड लोक आले, त्यांनी पाटी पाहिली आणि आपला देव दुसऱ्या झाडाखाली मांडून मोकळे झाले. देवळावर भोंगा बसला. सकाळी भजन, संध्याकाळी 'त्या लोकांपासून' सावध राहण्याचं प्रवचन. ज्या लोकांपासून सावध राहायचं त्या आखातातल्या लोकांच्याच तेलविहिरीचा पैसा संगमरवर होऊन ईवायाच्या पायाखाली आला होता. एकदा मी गाडीतच विचारलं, "काऊन जी, देऊळ कोणाच्या पैशाचं?" तो शांतपणे म्हणाला, "पैशाले धर्म नसते, बाई." मला त्याच्या तोंडावर हसू आलं. त्याच्या हातात सुटे पैसे ठेवून मी पुढच्या सीटकडे गेले.

आता तेल चढवण्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला तेल चढवतात. सवाशिणी आंब्याच्या पानानं आधी पायाला, मग गुडघ्याला, खांद्याला आणि शेवटी डोक्याला तेल लावतात. खालून वर जातं म्हणून ते चढवणं. लग्न लागलं की वरून खाली, डोक्यापासून पायापर्यंत. ते उतरवणं. तेल चढलं म्हणजे पोरगी अर्धी परक्याची झाली, आणि तेल उतरलं म्हणजे लग्न लागून गेलं. मध्ये थांबायची सोय नाही. तेल चढलं आणि लग्न राहिलं, तर ते तेल अंगावरून जातच नाही म्हणतात. मग अशा पोरीला कोणी मागणी घालत नाही, कोणी मंगल कामाला बोलवत नाही. अशी एक बाई मी लहानपणी पाहिली आहे. केस पांढरे झाले तरी गाव तिला 'नवरी' म्हणायचं, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

भाचीच्या तेलावरूनही घरात भांडण झालं. आमच्याकडे हे तेल टोळीचंच लागतं. टोळी म्हणजे मोहाची बी. जंगलाकडच्या गावातली एक ओळखीची बाई ते काढून आणते. वासाला उग्र, थंडीत गोठणारं, पण पिढ्यान् पिढ्या तेच. भावानं मात्र किराणा दुकानातून रिफाइंडचं पाकीट आणून ठेवलं. म्हणे, "तेलवाल्याच्या घरी पोरगी जाऊन राह्यली आन् तिले जंगलातलं वासाचं तेल लावाचं?" भाची म्हणाली, "बाबा, मले टोळीचंच लावा. पाकिटातलं भजे तळाले ठेवा." तिचं गोंडपिपरीच्या बाजारात शिवणाचं दुकान आहे. जीभ तिच्या कात्रीइतकीच धारेची. भाऊ चरफडला, पण तेल टोळीचंच चढलं. मी विधवा, म्हणून मला कडेला बसवलं होतं. तिथून बघत होते.

पोरगा त्या संध्याकाळी नागपूरला उतरणार होता. तिकडं राजुऱ्याकडे त्याच्या घरी त्याच्या फोटोलाच तेल चढवून झाल्याचं ईवायानं कळवलं होतं. फोटो काचेचा असल्यामुळे पुसायला सोपा गेला असेल.

दुपार कलली असेल, तेवढ्यात भावाचा फोन वाजला. पोराचाच होता, भावाला तो मामाजी म्हणायचा. भावानं मुद्दाम स्पीकरवर टाकला, सगळ्या मांडवाला परदेशाचा आवाज ऐकू यावा म्हणून. आमच्याकडे रेंजचे जे हाल असतात ते असतातच, त्यात वाजंत्री. तुटक तुटक शब्द आले. "मामाजी… तेल उतरलं… साऱ्याइचंच… एकाच दिवशी… सही घेतली… मी आज नाई येत…" आणि फोन कटला.

 मग एका म्हाताऱ्या बाईनं तोंडावर हात ठेवला. "उतरलं म्हणते? म्हंजे लगन लागलं त्याचं!"

"साऱ्याइचंच म्हणते," दुसरी म्हणाली. "सामूहिक लावलं असन."

"आन् सही बी घेतली. त्याइच्यात सहीच करा लागते."

बस. पुढचं सगळं लोकांनीच शिवून काढलं. तिकडच्या लोकांनी आपल्या पोरांना रांगेत उभं केलं, बाटवलं, सह्या घेतल्या आणि एकेक बायको गळ्यात मारली. तो बिचारा फोटोला चढलेलं तेल तिकडंच उतरवून बसला. इतक्या लांबच्या गोष्टीची इतकी बारीक माहिती त्या मांडवात कोणाकोणाला होती हे ऐकून मी थक्क झाले. बाजूच्या तालुक्यात काय चाललंय ते न कळणाऱ्या माणसांना आखातातला मांडव डोळ्यांपुढे दिसत होता.

भाची पाटावर बसून होती. पायापासून केसांपर्यंत तेल, वर हळद. ती एवढंच म्हणाली, "आत्या, त्याले पुन्हा लाव ना फोन." मी लावला. लागेना. मला त्या क्षणी पोराचा राग नव्हता आला. मला त्या अंगावरच्या तेलाची भीती वाटत होती. ते आता उतरणार कसं?

संध्याकाळी ईवाई गाडी घेऊन आला. मला वाटलं, आता हा देऊळवाला माणूस डोकं आपटेल, भोंग्यावरचं सगळं प्रवचन इथं ओतेल. भाऊ तर आधीच लाल झाला होता. दोघं मागच्या अंगणात बसले, मी चहा घेऊन गेले आणि तिथंच थांबले. पहिली काही मिनिटं धर्म, घराणं, अब्रू झाली. मग भावानं हळूच विचारलं, "पगार तं चालू राहीन ना?"

ईवायानं चहा बशीत ओतला. "मी आयकलं हाये, तिकडची करून घेतली तं परमनंट करते म्हणे."

"परमनंट?"

"हव. क्वार्टर बी देते."

हे त्यानं कुठं ऐकलं होतं ते त्याच्या संगमरवरी मातेलाच ठाऊक. पण भावाच्या चेहऱ्यावरचा लाल रंग बघता बघता उतरला. "मंग तं… ती तिकडंच राहीन. आपली इथी राहीन. तिकडच्या तिकडे, इथच्या इथी."

"आन् पोरगा आला की देवळात शुद्ध करून घेऊ," ईवाई म्हणाला. "गंगाजल हाये आपल्याकडं, अख्खा डबा. कोणाले कळाची गरज नाई. पाटावर बसोलं, शिंपडलं, झालं."

मी तिथं उभी होते, हातात रिकामे कप. दोन कर्ते पुरुष, एकाच्या देवळावर भोंगा, दुसऱ्याच्या कपाळावर टिळा. पोरीला सवत आली हे त्यांनी गोड मानून घेतलं, पोरगा बाटला हे गंगाजलात विरघळवलं, कारण पगार शाबूत होता. मोठमोठ्या देशांचे पुढारी टीव्हीवर गळ्यात गळे घालतात, ज्यांना काल राक्षस म्हणत होते त्यांच्याशी हसून हात मिळवतात, ते काय वेगळं करतात? फक्त त्यांच्या मागं झेंडे असतात आणि आमच्या मागं गोठा होता.

भाची दारात येऊन उभी राहिली होती. "मले कोणी विचाराल का?"

"तुले तेल चढलं," भाऊ म्हणाला. "आता काय विचाराचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पुन्हा आला. या वेळी आवाज स्वच्छ होता आणि वाजंत्री अजून उठायची होती. पोराला आपलं लग्न कोणाशी लागलंय याचा पत्ताच नव्हता. "काय लगन? कोणाचं लगन? मामाजी, तेल उतरलं म्हंजे तेलाचा भाव उतरला. जमिनीतल्या. दोन बडे देश अडून बसले. एकमेकाले पाडासाठी दोघाइनंही नळ सोडून देले. भाव आला खाली. इथी साऱ्याइचंच काम गेलं, एकाच दिवशी सह्या घेतल्या आन् तिकीट हाती देलं. आज नाई येत, उद्या येतो."

भाची आधी हसली. पोटभर हसली, पाटावर बसल्या बसल्या. मग आम्ही बायका हसलो, ती म्हातारी तर पदरात तोंड लपवून हसली. सवत नाही, बाटणं नाही, सामूहिक काही नाही. पोरगा उद्या येतोय, लग्न एक दिवस पुढं. तेल काय, एक दिवस थांबेल.

मांडवात फक्त भाऊ हसला नाही. त्यानं ईवायाला बाजूला घेतलं. बराच वेळ कुजबुज झाली आणि मग भावानं सगळ्यांपुढे येऊन जाहीर केलं, "मांडवात 'तेल उतरलं' असे शब्द निघाले. लग्नाआधी. हे शास्त्रात बसत नाई. अपशकुन झाला. आता मुहूर्त पाहून पुढं बघू." ईवायानं मान डोलावली. त्याला घेतलेला हुंडा परत करायचा नव्हता, नवा शब्दही द्यायचा नव्हता.

मला त्या दोघांना चपलेनं मारावंसं वाटलं, आजही वाटतं. काल दुसरी बायको शास्त्रात बसत होती. बाटलेला पोरगा डबाभर पाण्यात बसत होता. काम गेलेला पोरगा मात्र कुठल्याच शास्त्रात बसेना. मी भावाला म्हटलं, "भाऊ, तुह्या धर्माचा भाव बी तेलासोबतच उतरते का?" तो म्हणाला, "बायकाइनं मधात बोलू नाई." जेवणावळ मात्र उरकून घेतली, अन्न वाया जाऊ नये म्हणून. लोक जेवले, तेल चढलेल्या पोरीकडे एकदा बघून घेतलं आणि गेले.

पोरगा दुसऱ्या दिवशी खरंच आला. गडचिरोलीच्या गाडीनं, एक बॅग घेऊन, उन्हानं काळा पडलेला. तो ओसरीवर बसला तेव्हा मांडवाचे बांबू काढणं चालू होतं. घरात कोणी त्याला पाणी विचारेना. भाची स्वतः बाहेर आली. हळद वाळून भेगाळली होती, केस तेलानं चिकट. तिनं पाणी दिलं आणि उभ्यानंच बोलली, "काम गेलं तं जाऊ द्या. मले चालते. माह्यं दुकान हाये. राजुऱ्यात, चंद्रपुरात वेल्डिंगची कमी नाई. भटजी नसन तं रजिस्टर करू."

मी दाराच्या आड होते. मला वाटलं, आता हा उठेल. उठला असता तर मी माझ्या हातानं त्याला तेल लावलं असतं. त्यानं बुटांकडे पाहिलं. तिकडून आणलेले बूट होते, चांगले.

"तेल चढू दे," तो म्हणाला. "मंग पाहू."

"आन् माह्यं चढलं, त्याचं?"

"थांब ना थोडे दिवस."

म्हणजे बाप-सासरा तर होतेच, हा पोरगाही स्वतःची किंमत त्या पिंपाच्या भावावरूनच करत होता. कोणी त्याला असं शिकवलं कोण जाणे. त्याच्या हातात कसब होतं, अंगात ताकद होती, समोर उभी राहून 'चालते' म्हणणारी पोरगी होती. आणि तो कुठल्या तरी वाळवंटातल्या आकड्याची वाट बघायला निघून गेला.

त्यानंतर भाचीचं दुकान बसायला लागलं. तेल चढलेल्या पोरीच्या हातचं लग्नाचं ब्लाउज कोण घालणार? शाळेचे गणवेश येत, उसवलेल्या उशा येत, मंगलाचं कापड येईना. लग्नसराई सुरू होती आणि तिचं मशीन रिकामं. घरात भाऊ तिला म्हणायचा, "थांब, दुसरा पाहून राह्यलो." दुसरा तेलाचाच पाहत असणार.

एकदा मी सुटीवर आले तर ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "आत्या, आंब्याचे पानं आन. उतरव."

मी आधी गावातल्या सवाशिणींना विचारून आले. चढवायला ज्या धावल्या होत्या त्यांच्यापैकी एकही उतरवायला तयार नव्हती. नवऱ्यावाचून तेल कसं उतरवायचं? कोणाच्या जिवावर येईल, घरावर येईल. मग मीच बसले. मला चढवू दिलं नव्हतं ते बरं झालं, माझ्या हातचं चढलेलं नव्हतं. टोळीच्या तेलाची तीच बाटली फडताळात होती, तळाशी गोठलेली. ती मी उन्हात धरून पातळ केली. आंब्याचं पान बुडवून तिच्या डोक्याला लावलं, मग खांद्याला, गुडघ्याला, पायाला. वरून खाली. कोणी गाणं म्हटलं नाही. भाऊ दारात आला, बघितलं आणि निघून गेला. भाची रडत होती आणि मलाही रडू येत होतं. मग तिनं शिकेकाईनं केस धुतले, दोनदा धुतले, आणि अंगणात उन्हात मोकळे सोडून बसली. म्हणाली, "आत्या, वास गेला."

दुकान हळूहळू उठलं. आधी जंगलाकडच्या गावांतल्या बायका आल्या, त्यांना आमच्या तेलाचे नियम लागू नव्हते. मग गावातल्याही आल्या, कारण तिच्या हातच्या बाहीला तोड नव्हती आणि चंद्रपूरचा शिंपी महाग होता.

मग कुठं तरी बॉम्ब पडले. टीव्हीवर धूर, पळणारी माणसं, कोणाची तरी पडलेली घरं. समुद्रात तेलाची जहाजं अडली. माझ्या गाडीत पुन्हा डिझेलवरून भांडणं सुरू झाली. आणि एका सकाळी भाचीच्या दुकानापुढे ईवायाची गाडी थांबली. मी तेव्हा तिथंच होते, साडीला फॉल लावायला आले होते. ईवाई उतरला, भाऊ उतरला, आणि मागून पोरगा, तेच बूट घालून. भावाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. कुठं कोण मेलं ते विचारायची यांना गरज नव्हती, इथं पेढे आले होते. ईवाई म्हणाला, "मुहूर्त चांगला निघाला, बाई. भटजी म्हणते, आता काही दोष नाई."

पोरगा पुढं झाला. खरोखर आनंदात होता. "कंपनीनं बोलावलं," तो तिला म्हणाला. "तेल चढलं."

भाचीनं मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत पायडल मारत राहिली, दातानं दोरा तोडला आणि मग वर बघितलं.

"माह्यं उतरलं," ती म्हणाली, आणि दुसरी बाही जोडायला घेतली.